गोव्याची पाटी, पण गाडी आपलीच

आमच्या बचत गटातली एक जण गेल्या श्रावणात रडतच घरी आली. नवरा म्हापशाला कामाला होता. तिकडेच त्याने मोटारसायकल घेतलेली. आजाराचं निमित्त होऊन तो गेला आणि भावाने गाडी आणून सावंतवाडीच्या अंगणात लावली. पंधरा दिवस झाले नाहीत तोच एक ओळखीचा गृहस्थ सांगून गेला, "गोवा पासिंगची गाडी इथे चालत नाही. पोलीस उचलून नेतील, त्यापेक्षा मला देऊन टाका." किंमत सांगितली ती भंगाराची!

"ताई, मी चालयलंय तर माका पोलीस धरतले?" तिचा प्रश्न. डबे पोचवायला तिला गाडी हवी होती.

मैत्रिणींनो, ही भीती निम्मी खोटी आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं ४६ वं कलम तसं सांगतं. पाहुणे म्हणून, देवदर्शनाला परराज्यात गाडी नेली तर नवा नंबर लागत नाही. मात्र दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर ४७ व्या कलमाप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. अर्जाचा नमुना २८. कर्जाची गाडी असेल तर बँकेचीही संमती. मग आपल्या आरटीओत, आमच्यासाठी ओरोसला, नमुना २७. इथला रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा आणि जुन्या राज्यात उरलेल्या वर्षांचा भरलेला टॅक्स परत मागायचा. तो आपण होऊन कोणी आणून देत नाही, अर्ज करावा लागतो. टॅक्स किती दिवसांत भरायचा याचे नियम राज्याराज्यांत वेगळे, म्हणून गाडी आणल्यावर लगेच आरटीओत विचारावं. गाडी कधी आणली त्याचा काही पुरावाही जपून ठेवावा.

तिची खरी घाई मात्र वेगळीच होती आणि ती त्या गृहस्थाने सांगितलीच नव्हती. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. कळवलं की वारसाला तीन महिने गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. विमासुद्धा तेवढ्याच मुदतीत नावावर करून घ्यायचा. नाहीतर अपघात झाला की भरपाई कुणी द्यायची, इथून भांडण सुरू! मृत्यूचा दाखला, आरसी, विम्याचा कागद, पीयूसी, आधार असं सगळं आम्ही एका पिशवीत घातलं आणि विसाव्या दिवशी कळवून आलो. काउंटरवर दोनदा परत पाठवलं, एकदा झेरॉक्ससाठी, एकदा सहीसाठी. वारसाचे कागद जमवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. तिच्या नवऱ्याने तो नोंदवला असता तर बरेच हेलपाटे वाचले असते. आपल्या घरच्या गाड्यांवर कुणाचं नाव आहे ते बघाल ना?

आणखी एक गोची निघाली. तिचं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं! मोटारसायकलला ते चालत नाही. म्हणून आधी शिकाऊ लायसन्स, मग भावाला मागे बसवून मैदानात सराव. साडी नेसून गिअर टाकता येईना, तेव्हा पंजाबी ड्रेस आला. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या.

ज्यांच्या नवऱ्यांच्या सारख्या बदल्या होतात त्यांच्यासाठी २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबरही निघाला आहे. पण तो सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतल्या लोकांनाच मिळतो. आमच्या गटात तसं कुणी नाही.

एमएच-०७ ची पाटी लागली तेव्हा ते गृहस्थ पुन्हा आले, या वेळी किंमत वाढवून. ती डबे भरत होती. म्हणाली, "भाऊ, गाडी विकूक नाय. डबो होयो तर सांगा." गोव्याच्या टॅक्सचा परतावा अजून यायचा आहे, त्या अर्जाची पोच तिने देव्हाऱ्यामागे ठेवली आहे.