अपडेट झालं, आता लॅपटॉप उठत नाही

रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, लॅपटॉप मेला. दुपारी अपडेट लागलं होतं, तेव्हापासून काहीच होत नाहीये."

"काहीच म्हणजे? दिवा लागतो?"

"लागतो. कंपनीचं नावही येतं. मग निळा पडदा येतो आणि इंग्रजीत कसलीतरी किल्ली मागतो. हॅक झालाय का रे? कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा म्हणतो, फॉर्मॅट मारावा लागेल."

घरातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून असे फोन मला वर्षातून चार-पाच येतात. लॅपटॉप खरोखर मेलाय, असं त्यात क्वचितच निघतं. नुकसान बहुधा अपडेटने होत नाही, अपडेटनंतरच्या घाईत होतं. आणि घाईच्या मुळाशी काही ठरलेले गैरसमज असतात.

पहिला गैरसमज 'चालू होत नाही' या शब्दांतच आहे. ही एक तक्रार नाही, तीन आहेत. दिवाच लागत नसेल तर विंडोजची पाळीच आलेली नसते, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नाही. चार्जर काढायचा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग चार्जर लावून पुन्हा बघायचं. साधा उपाय आहे, पण बऱ्याचदा लागू पडतो. दुसरी तक्रार म्हणजे पंखा फिरतोय पण पडदा काळा. अशा वेळी कॅप्स लॉक दाबावं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत कोणीतरी जागं आहे, फक्त चित्र येत नाहीये. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. किंवा केबलने टीव्हीला जोडून बघावं. तिसरी तक्रार म्हणजे कंपनीचं नाव येऊन पुढे गाडी अडणं. अपडेटवर संशय घ्यायचा तो मुख्यतः इथे.

'काल तर चांगला चालत होता' हेही नेहमीचं. पण काल तो नव्याने सुरू झाला होता का? आपण झाकण मिटतो, उघडतो, आठवडेच्या आठवडे. 'शट डाउन' केलं तरी विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. खरी नवी सुरुवात होते ती 'रीस्टार्ट'ला, आणि तो आपण स्वतःहून करतच नाही, अपडेट करायला लावतं. त्यातून अपडेट डिस्कवर भरपूर लिहितं-पुसतं. महिनाभर कुरकुरणारी डिस्क त्याच दिवशी बसते आणि पावती अपडेटच्या नावावर फाटते.

'टक्केवारी अडकली म्हणजे बंद करून चालू करावं' हा मात्र महागात पडणारा समज. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तोच आकडा तास-तासभर हलत नाही, आणि तरी आत काम चालू असतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर जेवून यावं. कित्येक तासांनीही दिवा, पंखा, आकडा सगळंच थिजलेलं असेल, तर बटण दाबून बंद करायला हरकत नाही; विंडोज बहुतेक वेळा अर्धवट अपडेट मागे घेते. अपवाद एकच, फर्मवेअरचा. बायोसचं अपडेट हल्ली विंडोज अपडेटमधूनही येतं, आणि त्या वेळी पडद्यावर सहसा कंपनीचं नाव आणि एक पट्टी दिसते. तेव्हा वीज गेली तर मदरबोर्डच अडकू शकतो. बॅटरी कधीच गेलेली आणि नुसत्या चार्जरवर जगणारे लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत. ज्या गावात दुपारी हमखास वीज जाते, तिथे अशा लॅपटॉपला दुपारी अपडेट लावू नये.

आता बहिणीचा निळा पडदा. तो व्हायरस नव्हता, हॅकरही नव्हता आणि पैसे मागणारा तर अजिबात नव्हता. ते बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा आत गेलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाने काहीच चालू केलेलं नसतं, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. एरवी हे कुलूप स्वतःच उघडतं. सुरुवातीच्या व्यवस्थेत काही बदललंय असं वाटलं की ते अडतं आणि ४८ अंकी किल्ली मागतं. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर नेमकं हेच अनेकांच्या बाबतीत घडलं. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्तही केलं.

ही किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. फोनवरून खातं उघडायचं, आपल्या उपकरणांच्या यादीत जायचं. पडद्यावर किल्लीची एक ओळखखूण दिसते, तिची सुरुवातीची आठ अक्षरं जुळवायची. खाली ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. बहिणीने खातं उघडलं, तर यादी रिकामी. मग विचारलं, लॅपटॉप घेतला तेव्हा चालू कोणी करून दिला? दुकानातल्या मुलाने. कोणाच्या खात्याने? "ते काय माहीत! त्यानेच काहीतरी टाकलं." गोम इथेच होती.

ही किल्ली कुठेच सापडली नाही तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही. फॉर्मॅट करून लॅपटॉप चालू होईल, पण आतलं गेलं ते गेलं. म्हणून फॉर्मॅटचा सल्ला पहिल्या पाच मिनिटांत देणाऱ्यावर माझा राग आहे. त्याचं काम अर्ध्या तासात आटोपतं, आणि आपली पाच वर्षं पुसली जातात.

किल्लीचा प्रश्न नसेल तर फॉर्मॅटच्या आधी बऱ्याच पायऱ्या आहेत. विंडोज दोन-तीनदा लागोपाठ सुरू होता होता पडली की तिसऱ्या खेपेला दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. आला नाही तर कंपनीचं नाव दिसताच बटण दाबून बंद करायचं, असं तीनदा. (मघाशी बंद करू नका म्हणालो ते अपडेट चालू असताना.) तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. दर महिन्याचं असेल तर क्वालिटी अपडेट काढायचं, वर्षाकाठी येणारं मोठं असेल तर फीचर अपडेट. मोठ्या अपडेटनंतर विंडोजची जुनी आवृत्ती साधारण दहा दिवस जपलेली असते, त्यामुळे रविवारी बघू म्हणत पंधरवडा काढू नये. एवढ्याने भागलं नाही तर सिस्टीम रिस्टोअर. त्याने आपल्या फायलींना धक्का लागत नाही. अगदी शेवटी 'रीसेट'. त्यातही फायली ठेवण्याचा पर्याय असतो, प्रोग्रॅम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

आणि विंडोज उठत नाही म्हणजे फोटो गेले, असं मुळीच नाही. घराचं दार अडकलं म्हणून आतलं कपाट रिकामं होत नाही. डिस्क सुटी निघत असेल तर यूएसबी डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावता येते. निघत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून फायली उतरवता येतात. कुलूप असेल तर किल्ली तिथेही लागतेच. मात्र अपडेटने फायली कधीच जात नाहीत, असंही मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं मोठं अपडेट काही जणांची कागदपत्रं खरोखर पुसून गेलं आणि मायक्रोसॉफ्टला त्याचं वाटप थांबवावं लागलं होतं.

१९ जुलै २०२४ ही तारीख लोक अजून 'विंडोज अपडेटने जग बंद पाडलं तो दिवस' म्हणून सांगतात. विमानतळांवर निळे पडदे आणि आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. पण ते विंडोजचं अपडेट नव्हतंच. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल होती, भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटलेली. सव्वा तासात ती मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. घरचे लॅपटॉप त्यात जवळपास नव्हतेच. ती प्रणाली कंपन्या विकत घेतात. दुरुस्ती म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवणं. पण बऱ्याच ठिकाणी ते एकेका संगणकापुढे बसून करावं लागलं, आणि कित्येकांवर बिटलॉकरचं कुलूप होतंच.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, मग अपडेट बंदच ठेवलेलं बरं. न्हावा-शेवाला विचारा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर आलं आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या मार्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले, काम हातावर आलं. ते ज्या फटींतून पसरलं त्यातली एक मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवली होती. गंमत अशी की त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. तेव्हा दोन्ही बाजूंना बोट दाखवायला जागा आहे. मी स्वतः अपडेट बंद ठेवत नाही, पण परीक्षेच्या किंवा विवरणपत्र भरायच्या आठवड्यात ते पुढे ढकलतो. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत तशी मुभा आहे.

दुसऱ्या दिवशी बहीण दुकानात गेली. मुलाने फोनवर स्वतःचं खातं उघडलं, तर गिऱ्हाइकांच्या लॅपटॉपची लांबच लांब यादी, आणि प्रत्येकापुढे किल्ली. त्यालाही हे नवीनच होतं. आठ अक्षरं जुळली, आकडे टाकले, तिसऱ्या मिनिटाला तिचं टेबलावरचं चित्र आलं. संध्याकाळी तिने ते ४८ आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले. मी आकडे दोनदा वाचून घेतले. पहिल्या खेपेला सातव्या गटात एक शून्य कमी होतं.