स्कूबाची टाकी: बंदीच्या दोन महिन्यांत तपासून घ्या, नाव-तारीख लावून ठेवा



१ जून ते ३१ जुलै, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला ६१ दिवस बंदी. होड्या वर ओढल्या जातात, जाळी विणली जातात, इंजिनं खोलली जातात. पण हल्ली आपल्यातल्या बऱ्याच घरांत आणखी एक वस्तू कोपऱ्यात उभी असते: स्कूबाची टाकी. मालवण-तारकर्लीला आणि मुरुडेश्वरहून नेत्राणीला हुबळी-धारवाड, बेळगाव, कोल्हापूरकडचे पर्यटक येतात, त्यांना समुद्राखाली न्यायला आपल्याच पोरांच्या होड्या असतात. पंख्यात जाळं गुंतलं तर टाकी लावून खाली उतरणारेही आहेत. इंजिनाची सर्व्हिसिंग आपण चुकवत नाही. टाकीची मात्र "भरली की झालं" अशी गत असते. म्हणून आजची ही पोस्ट.

टाकीत नेमकं काय असतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. स्कूबाच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी बहुतेक नायट्रोजन. फक्त ती दाबून भरलेली. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. तिचं वजनच पावणेतीन-तीन किलो भरतं. गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ ९० पट हा दाब. एवढा दाब अंगावर घेणाऱ्या धातूला गंज लागला, चीर गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. टाकी फुटते ती बहुधा भरताना, म्हणजे शेजारी माणूस उभा असताना.

खांद्यावरचे आकडे वाचायला शिका

घरच्या गॅस सिलिंडरवर "ए-२७", "सी-२८" असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे वर्षाचे चार भाग. पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ.

स्कूबाच्या टाकीवर अशी माहिती गळ्याखालच्या गोलाईवर, म्हणजे खांद्यावर, ठोकलेली असते. बनवणाऱ्याची खूण, टाकीचा नंबर, कोणत्या मानकाप्रमाणे बनवली ते, रिकामं वजन, पाण्याची क्षमता लिटरमध्ये, कामाचा दाब, चाचणीचा दाब, आणि चाचणीची तारीख व चाचणी करणाऱ्या केंद्राची खूण. चाचणीचा दाब साधारण कामाच्या दाबाच्या पावणेदोन पटीच्या थोडा खाली असतो. ८० क्यूबिक फुटांच्या ॲल्युमिनिअम टाकीचा कामाचा दाब ३,००० पीएसआय, तर चाचणीचा ५,०००.

ब्रशने मीठ-माती घासून हे आकडे वाचा आणि वहीत उतरवून घ्या. मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. आकडे वाचताच येत नसतील तर ती टाकी वापरायची नाही. वरून रंगाचे थर देऊन आकडे बुजवलेली टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

घरी काय तपासायचं?

१. बुडाची प्लॅस्टिकची वाटी आणि बाहेरची जाळी काढा. खारं पाणी तिथेच साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

२. गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, उजेडात सगळीकडून फिरवून बघा. खड्डे, पोचे, चरे, फुगवटा, रंगाचे फोड. फोडाखाली बहुतेक वेळा गंज असतो. ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी दिसते.

३. आगीची झळ किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर टाकी बाजूला काढा. उष्णतेने ॲल्युमिनिअमची ताकद जाते, आणि ते बाहेरून कळत नाही. टाकीला वेल्डिंग करून दुरुस्ती हा प्रकारच नाही.

४. व्हॉल्व्ह सहज फिरतो का, बसण्याची जागा चेपलेली आहे का, ओ-रिंग कडक झाली आहे का ते बघा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. तेल-ग्रीस मात्र लावायचं नाही.

५. थोडी हवा सोडून वास घ्या. तेलाचा, गंजाचा, कुबट वास आला तर टाकी पाण्यात न्यायची नाही.

घरी काय करायचं नाही?

व्हॉल्व्ह खोलायचा नाही. काटा शून्यावर दिसला तरी आत दाब उरलेला असू शकतो. आतली तपासणी आणि दाबाची चाचणी हे पेसो या केंद्रीय संस्थेने मान्यता दिलेल्या केंद्राचं काम. पेसोचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे आणि गॅस सिलिंडर नियम, २०१६ तेच राबवतात. चाचणी केंद्राकडे मान्यतेचं पत्र मागायला लाजू नका.

चाचणीत टाकी पाण्याने भरून, पाण्याच्याच पिंपात ठेवून, दाब वाढवतात. हवा न वापरता पाणी का? पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. दाबाने टाकी थोडी फुगते आणि दाब काढल्यावर परत पूर्वीसारखी व्हायला हवी. जेवढी फुगली त्यातला दहा टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला, तर ती बाद. नियमाप्रमाणे बाद टाकी चेपून किंवा पुन्हा जोडता येणार नाही अशी कापून टाकायची असते. भंगारवाल्याला अख्खी देऊ नका. ती रंगरंगोटी होऊन दुसऱ्याच कोणाच्या पोराच्या पाठीवर जाईल.

मुदत किती? ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि पाच वर्षांनी दाबाची चाचणी करतात. अमेरिकेत पाच वर्षांनी दाबाची चाचणी, आणि दरवर्षी आतून नजर टाकायची पद्धत आहे. आपल्याकडे चाचणीच्या दाखल्यावर जी पुढची तारीख लिहून मिळते, तीच धरायची. पण खारं पाणी आत गेल्याचा संशय आला तर तारखेची वाट बघू नका.

गंजाचा दुसरा धोका

लोखंडी टाकीत पाणी शिरलं की नुसता धातू पातळ होत नाही. गंज धरताना आतल्या हवेतला ऑक्सिजनही संपत जातो. काटा पूर्ण दाब दाखवतो, हवेला वास नसतो, पण श्वास घेणारा खाली बेशुद्ध पडतो. म्हणून टाकी कधी पूर्ण रिकामी करू नका. थोडा दाब शिल्लक असला की पाणी आत शिरत नाही. महिनोन्‌महिने पडून असलेली लोखंडी टाकी आहे तशी वापरू नका, तपासून, नव्याने भरून घ्या.

जुन्या ॲल्युमिनिअम टाक्यांचंही ध्यानात ठेवा. १९८८ च्या आधी बऱ्याच टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या बनत. त्यांच्या गळ्यात हळूहळू चिरा जातात, म्हणून नंतर ६०६१ हा मिश्रधातू आला. एवढी जुनी टाकी हाती आली तर परत करा. परदेशातून आलेल्या टाकीला आपल्याकडे मुख्य स्फोटक नियंत्रकांची मान्यता लागते, हेही विचारून घ्या.

लेबल कसं लावायचं?

एका होडीवर पाच टाक्या असल्या की भरलेली कुठली, रिकामी कुठली, कोणाची कुठली, हा घोळ होतोच. त्यावर उपाय सोपा आहे.

- प्रत्येक टाकीला आपला नंबर द्या. तो पक्क्या स्टिकरवर किंवा गळ्यातल्या पट्टीवर लिहा. छिन्नी-हातोड्याने टाकीवर ठोकू नका, त्या घावातूनच चीर जाऊ शकते. स्टिकरखाली खांद्यावरचे आकडे झाकू नका.
- मालकाचं नाव, शेवटच्या चाचणीची आणि पुढच्या चाचणीची तारीख.
- टेपच्या तुकड्यावर: काय भरलंय, किती बार, कधी, कोणी. वापर झाला की टेप फाडायची. टेप नाही म्हणजे टाकी रिकामी धरायची.
- जादा ऑक्सिजनची मिश्र हवा असेल तर ऑक्सिजनचा टक्का स्वतः मोजून लिहा आणि किती खोल जायचं तेही लिहा. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण ३३ मीटर ही हद्द.
- खलाशी कानडी वाचणारा असेल तर मराठीसोबत कानडीतही लिहा. लेबल वाचता आलं नाही तर लावून काय उपयोग?

हुबळीला न्यायची असेल तर

कारवार-अंकोल्याहून अरबैल घाट चढून टाक्या हुबळीला नेताना त्या आडव्या, घट्ट बांधून, व्हॉल्व्हला धक्का लागणार नाही अशा ठेवा. पूर्ण भरलेल्या नेऊ नका. २७ अंशांना २०० बार असलेली टाकी उन्हात बंद गाडीत ५७ अंशांपर्यंत तापली तर दाब २२० बारवर जातो.

आणि एक कळकळीची विनंती. हुबळीसारख्या कारखानदारीच्या गावात वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो, म्हणून तो स्कूबाच्या टाकीत कधीही भरून घेऊ नका. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा काम करतो, पाण्यातच झटके येतात. शिवाय तेलाचा अंश असलेल्या व्हॉल्व्हमध्ये तो पेट घेऊ शकतो. हवाच भरायची, तीही श्वासासाठीच्या कॉम्प्रेसरने. कॉम्प्रेसर पेट्रोल-डिझेलचा असेल तर हवा ओढणारी नळी धुराड्यापासून लांब, वारा येतो त्या बाजूला ठेवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला तर वासावरून समजत नाही.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात जाण्याआधी एक दिवस काढा. टाक्या अंगणात उभ्या करा, वही घ्या, आकडे लिहा. ज्यांची तारीख उलटली त्या वेगळ्या काढून लाल पट्टी बांधा, आणि कितीही घाई असली, गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभं असलं, तरी लाल पट्टीची टाकी होडीवर चढवू नका.

ही पोस्ट आपल्या तांडेलांना, खलाशांना आणि टाकी लावून पाण्यात उतरणाऱ्या पोरांना जरूर पाठवा.