पिंग लागते, पण सेवा चालते का?

सर्व्हर पिंगला उत्तर देतो म्हणजे त्यावरची सेवा चालू आहे, असे मुळीच नाही. यंत्र जागे असते, पण डेटाबेस किंवा बाहेरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर निपचित पडलेले असू शकते. म्हणून नागिऑस, झॅबिक्स यांसारखी सॉफ्टवेअर प्रत्येक सेवा वेगळी तपासतात.

नागिऑसची रीत साधी, म्हणूनच टिकाऊ. तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, शेवटी एक आकडा देतो: 0 म्हणजे ठीक, 1 इशारा, 2 गंभीर, 3 म्हणजे काहीच कळले नाही. एवढे पाळले की कोणत्याही त्रयस्थ सेवेसाठी चार ओळींची स्क्रिप्टही चालते.

सेवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असली की खरी कसोटी लागते. उदाहरण आधारचेच घ्या. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. त्याच तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला, की आधारची पडताळणी होते गावापासून लांबच्या सर्व्हरवर. ती अडली तर दोष रेंजचा, पुरवठा विभागाच्या सर्व्हरचा की आधारचा, हे रांगेतल्या माणसाला कसे कळणार? (बिचाऱ्या दुकानदारालाही नाही.) तिन्ही टप्प्यांवर स्वतंत्र तपासणी असेल तरच बिघाडाची जागा सापडते.

त्यासाठी नागिऑसमध्ये यंत्रांचे पालक-अपत्य नाते नोंदवता येते. मग राउटर बंद पडला की त्यामागच्या यंत्रांना ‘बंद’ऐवजी ‘पोहोचता येत नाही’ असा शेरा मिळतो. शिवाय तपासणी लागोपाठ ठरावीक वेळा फसल्याशिवाय संदेश जात नाही. एरवी क्षणभर लाइन गेली तरी मोबाइल रात्रभर वाजत राहील.