काळी म्हणजे कडक नव्हे, कडक म्हणजे चांगली नव्हे! ‘इम्पीरियल स्टाऊट’ कशी पारखतात?

अहिल्यानगर : बिअर शॉपीच्या काउंटरवरचा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘कडक कुठली आहे?’ त्यात बिअर काळी दिसली, की ती सगळ्यात जालीम असणार, हा समज पक्का! पुण्यात २००९ मध्ये डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर अशा ठिकाणांची संख्या वाढली आणि तिथल्या मेन्यूवर ‘स्टाऊट’ हे नावही दिसू लागले. नगरहून पुणे जेमतेम १२० किलोमीटर, त्यामुळे हे नाव आपल्याकडेही कानावर पडते. पण रंग, कडकपणा आणि दर्जा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कशा, ते समजून घेऊया.

काळा रंग येतो कुठून?

बिअर बार्लीपासून बनते. बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की तिचे माल्ट होते. कॉफीच्या बियांसारखी बार्ली करपेपर्यंत भाजली, की बिअरला काळा रंग आणि कडवट-खमंग चव येते. अल्कोहोलचा या रंगाशी संबंध नाही. जगप्रसिद्ध गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट असते, पण तिच्यात अल्कोहोल फक्त ४.२ टक्के. उलट आपल्याकडच्या पिवळ्याधमक ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये ते ८ टक्क्यांपर्यंत असू शकते.

मग ‘इम्पीरियल’ म्हणजे काय?

अठराव्या शतकात लंडनमधील थ्रेल यांच्या अँकर ब्रुअरीतून रशियाच्या राजदरबारासाठी जास्त कडक काळी बिअर जात असे. ‘इम्पीरियल’ हे नाव तिथून आले. यात माल्ट भरपूर वापरतात. माल्ट जास्त म्हणजे साखर जास्त, आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या निकषांनुसार इम्पीरियल स्टाऊटमध्ये ८ ते १२ टक्के अल्कोहोल असते.

ती भारतात मिळते का?

खरी अडचण इथेच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर ‘माइल्ड’ आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’. ८ टक्क्यांच्या वर बिअर नाहीच. म्हणजे परदेशात हा प्रकार जिथे सुरू होतो, तिथे आपली मर्यादा संपते. त्यामुळे भारतात या नावाने मिळणारी बिअर या प्रकाराच्या खालच्या टोकाची असते. तिची परीक्षा कडकपणावर नव्हे, चवीवरच करावी लागते.

परीक्षक गुण कसे देतात?

बीजेसीपीची गुणपत्रिका ५० गुणांची असते :

- चव : २०
- वास : १२
- एकूण छाप : १०
- तोंडातली जाणीव : ५
- दिसणे : ३

ज्या काळ्या रंगावर आपण भाळतो, त्याला फेसासकट ५० पैकी फक्त ३ गुण!

चाखायची पद्धत

- थंडगार नको : बर्फासारख्या थंड बिअरचा वास दबतो. फ्रिजमधून काढून थोडा वेळ ठेवा. १० ते १४ अंश तापमान योग्य.
- थोडीच ओता : तोंडाशी निमुळत्या ग्लासात ६० ते १०० मिली पुरेशी. उरलेल्या रिकाम्या जागेत वास साठतो.
- आधी नाक : कॉफी, कडू चॉकलेट, खजूर, मनुका, काकवी असे वास शोधा. गुऱ्हाळाजवळ वाढलेल्यांना काकवीचा वास शिकवावा लागत नाही. बिअरमध्ये तो उसातून नव्हे, बहुतेक वेळा माल्टमधूनच येतो.
- मग जीभ : गोडवा, भाजल्याची कडवट चव आणि हॉप्सचा कडूपणा यांचा मेळ बसला पाहिजे. घोट दाट लागावा. घसा किंचित ऊबदार झाला तर ठीक, जळजळला तर गुण कमी.

दोष कसे ओळखायचे?

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे बिअर हवेच्या संपर्काने शिळी झाली. नेलपॉलिशसारखा उग्र वास आला, तर आंबवण्याची प्रक्रिया बिघडली असण्याची शक्यता. व्हिनेगरसारखा आंबटपणा म्हणजे बहुधा जिवाणूंचा शिरकाव.

‘बिअरच तर आहे!’

हा हिशेब जरूर करा. ८ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली पेगमध्ये ते साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन मोठे पेग!

वजनात हे अल्कोहोल सुमारे ४१ ग्रॅम भरते. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निचरा करते. म्हणजे एका बाटलीला चार तासांहून जास्त वेळ लागतो. लिंबूपाणी, कॉफी किंवा आंघोळीने हा वेग वाढत नाही. वाहनचालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्यात १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुण्याहून रात्री गाडी चालवत परतणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत.

नाकाला न कळणारी गोष्ट

चव पारखता आली म्हणजे दारू सुरक्षित आहे हे कळते, असे नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या काळात झालेल्या पार्टीत विषारी दारूने अनेकांचा बळी घेतला. दारूत मिसळलेले मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. सीलबंद बाटली, परवानाधारक दुकान आणि लेबल यांना पर्याय नाही. फुकट मिळालेल्या अनोळखी दारूला तर हातच लावू नका.

थोडक्यात काय?

आधी लेबलवरची टक्केवारी वाचा, मग वास घ्या, मग छोटा घोट. रंग सगळ्यात शेवटी. चांगली स्टाऊट हळूहळू पिण्यासाठी बनवलेली असते. चव कळायला १०० मिली पुरते, बाटली संपवावी लागत नाही. आणि पीत नसाल, तर केवळ चव पाहायची म्हणून सुरुवात करू नका. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. मद्यपान करून वाहन चालवू नका.)