आसारी धरणारे हात

१० ऑक्टोबर २०२५ला तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी यांनी दिल्लीतल्या अफगाण दूतावासात पत्रकार परिषद घेतली. समोर बसलेले सगळे पुरुष. एकाही बाईला आत घेतलं नव्हतं. त्याच दिवशी आपल्या सरकारने काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा केली. पुढे ओरड झाली, दोन दिवसांनी दुसरी परिषद झाली, तिला महिला पत्रकारांना बोलावलं. पण पहिल्या परिषदेचा तो फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात काढली. फोटो काबूलचा असता तर मी हळहळून पान उलटलं असतं. तो दिल्लीचा होता.

त्या रात्री कपाटातून खालिद हुसैनींची ‘द काइट रनर’ काढली. २००३ साली आलेली ही कादंबरी मी आयुष्यात चारदा वाचली आणि चारही वेळा ती मला वेगळी दिसली. हुसैनींचा जन्म १९६५चा, काबूलचा. माझाही १९६५चाच, येवल्याचा. कादंबरीतली पतंगांची मोठी चढाओढ होते १९७५च्या हिवाळ्यात. त्याच वर्षी अफगाणिस्तानात चित्रित झालेला फिरोझ खानचा ‘धर्मात्मा’ आला. आमच्या घरी कुणालाही काबूल म्हटलं की त्यातले घोडे आठवायचे, नाहीतर पानिपत आणि अब्दाली. तिथेही आमच्यासारखीच पोरं गच्चीवर चढून एकमेकांची पतंग कापतात, हे मला चाळिशीला टेकल्यावर एका कादंबरीने सांगितलं.

येवल्याची संक्रांत ज्याने पाहिली नाही त्याला हे समजावून सांगणं अवघड आहे. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस गावात जमिनीवर माणूस दिसत नाही. आमच्याकडे फिरकीला आसारी म्हणतात. पतंग उडवायचा माझा थोरला भाऊ, आसारी धरायचे मी. पेच लागला की उडवणाऱ्याचे डोळे वर असतात आणि आसारी धरणाऱ्याचे त्याच्या बोटांवर. ढील हवी की खेच, हे तो सांगत नाही, त्याच्या मनगटावरून ओळखायचं. मांजा तळहातातून सरकताना कापतो. पतंग काटली की आरोळी त्याची. आपण गुंता सोडवायचा.

आणि काटलेली पतंग आणायला पळायचा तो तिसरा. आमच्या मागावर पैठणी विणणाऱ्या कारागिराचा मुलगा, भावाच्याच वयाचा. गुल झालेली पतंग कुठल्या बोळात पडणार हे त्याला वाऱ्यावरूनच कळायचं. भाऊ आजही सांगतो, माझा जिवलग दोस्त. दोस्त खराच. पण त्याचा चहाचा कप आमच्या मागच्या दाराच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. कान तुटलेला, पांढरा, निळ्या काठाचा. चहा झाला की तो स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा. ज्या गावात १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्या गावातल्या १९७५ सालच्या घरातली ही गोष्ट आहे.

म्हणून आमिर आणि हसनची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी दिसली ती हसनची झोपडी. वझीर अकबर खान या श्रीमंत वस्तीत आमिरच्या बाबांचा वाडा, आणि आवाराच्या कोपऱ्यात नोकर अली आणि त्याचा मुलगा हसन यांची मातीची खोली. हसन आमिरचे कपडे इस्त्री करतो, बूट पुसतो, न्याहारी मांडतो. मग आमिर खुर्चीवर बसून खातो. डाळिंबाच्या झाडाखाली आमिर त्याला ‘शाहनामा’तली रुस्तम-सोहराबची गोष्ट वाचून दाखवतो, कारण हसनला वाचता येत नाही, आणि त्याला वाचता यावं असं घरात कुणालाही वाटलेलं नाही. आमिर पश्तून, सुन्नी. हसन हजारा, शिया. काबूलच्या पतंगबाजीतही दोघं लागतात. दोर एकाच्या हातात, चरखा दुसऱ्याच्या. हसन चरखा धरतो आणि कापलेल्या पतंगामागे धावतोही. येवल्यात आम्ही दोघं मिळून करायचो ते काम तो एकटा करतो.

मधली वर्षं मी इथे भरभर सांगते, कारण ती जगाने दुरूनच पाहिली, मीही. १९७३ला राजा जहीर शाह इटलीत असताना चुलतभाऊ दाऊदने गादी उलथली. १९७८च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्टांनी दाऊदला मारलं. १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा आल्या, १९८९च्या फेब्रुवारीत गेल्या. १९९२ला मुजाहिदीन काबूलमध्ये शिरले आणि रशियनांनी मोडलं नव्हतं तेवढं शहर आपसांत लढून मोडलं. १९९६च्या सप्टेंबरात तालिबान आले. हुसैनी तेव्हा कॅलिफोर्नियात डॉक्टर होते. तालिबानने पतंग उडवायला बंदी घातल्याची बातमी त्यांनी १९९९ साली ऐकली, त्यावर एक लघुकथा लिहिली आणि पुढे तिचीच कादंबरी झाली.

हजारा जमातीचं दुखणं मात्र तालिबानच्या कितीतरी आधीचं आहे. १८९०च्या दशकात अमीर अब्दुर रहमानने त्यांचा मुलूख चिरडला, जमिनी पश्तूनांना वाटल्या, हजारो हजारा गुलाम म्हणून बाजारात विकले. त्यांचे नातू-पणतू काबूलच्या वाड्यांत नोकर झाले आणि वाड्यातली मुलं त्यांना दोस्त म्हणू लागली. १९९८च्या ऑगस्टमध्ये मजार-ए-शरीफला तालिबानने घराघरांत शिरून हजारांना मारलं. कादंबरीतला हसनही तालिबानच्याच गोळीने मरतो, ज्या वाड्याची त्याने राखण केली त्याच्याच समोर, रस्त्यावर.

आता पुण्याबद्दल. २००४ ते २०१४ हे दशक मी पुण्यात जगले, आणि ते मला अजून हातातून सोडवत नाही. तेव्हा शहरात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने येत होते, बरेच भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. भारत झरंज ते देलाराम रस्ता बांधत होता, काबूलला संसद उभारत होता. जुलै २००८मध्ये काबूलच्या आपल्या दूतावासावर आत्मघाती हल्ला झाला, तरी विद्यार्थी येत राहिले. २००९ला आमच्या वरच्या खोलीत बामियानकडचा एक हजारा मुलगा भाड्याने राहायला आला. ज्या गावाशेजारच्या बुद्धमूर्ती मार्च २००१मध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवल्या, तिकडचा. मराठी तो रिक्षावाल्यांकडून शिकला. मला काकी म्हणायचा. भात शिजवताना भांड्याच्या झाकणाला फडकं गुंडाळायचा, आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली की दर वेळी दचकायचा.

जानेवारी २०१०ची संक्रांत. मी येवल्याहून आसारी आणि मांजा मागवला होता. गच्चीवर त्याने सवयीने आसारी उचलली आणि उभा राहिला. मी म्हटलं, “अरे, उडव की.” तो म्हणाला, “काकी, मी कधीच उडवली नाही. मी लहानपणापासून हेच धरतो. दोर मालकाच्या मुलाकडे असायचा.” मी त्याच्या हातातून आसारी घेतली. चाळीस वर्षांचा हात आहे माझा, तो विसरत नाही. त्याने कणी बांधली ती वाकडी, पहिल्या दोन पतंगा विजेच्या तारेवर फाडल्या. तिसरी चढली. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी पेच घातला तेव्हा त्याचं मनगट थरथरलं आणि मी ढील सोडत गेले. काटली आमचीच. पण त्या दुपारी तो दोर सोडायला तयार नव्हता. अंधार पडला, पतंग दिसेनाशी झाली, तरी हाताला ओढ लागतेय म्हणून उभाच.

याच दशकात शहरातल्या एका वाचकमंडळात या कादंबरीवर चर्चा ठेवली होती. एक नावाजलेले समीक्षक अध्यक्ष होते. मैत्री, विश्वासघात आणि प्रायश्चित्ताची वैश्विक गोष्ट, असं सगळे बोलले. मी म्हटलं, आमिर स्वतःच पुस्तकात कबूल करतो की हसनला त्याने कधी मित्र मानलंच नाही. तुम्ही का मानताय? अध्यक्ष म्हणाले, “बाई, जातीचा चष्मा इथे नका लावू. दोन मुलांच्या निरागस प्रेमाची गोष्ट आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले. आज पंधरा वर्षांनी त्याचं उत्तर देते: निरागस एकच मूल होतं. आणि त्याच्या बाजूने त्या सभेत कुणी एक वाक्य बोललं नाही.

हुसैनींवर मी अन्याय करू इच्छित नाही. हजारा हा शब्द आमच्यासारख्या लाखो वाचकांच्या कानावर त्यांनीच घातला. कॅलिफोर्नियातल्या जेवणाच्या टेबलावर आमिर आपल्या सरदारी थाटाच्या सासऱ्याला बजावतो, की सोहराबला, हसनच्या मुलाला, पुन्हा ‘हजारा पोरगा’ म्हणायचं नाही. ते पान मी प्रत्येक वाचनात दोनदा वाचते. पण कादंबरीतली एक गोष्ट मला गिळता येत नाही. हसन हा बाबांचाच अनौरस मुलगा, म्हणजे आमिरचा सावत्र भाऊ निघतो, आणि ते कळल्यावर आमिर त्याच्या मुलाला सोडवायला काबूलला जातो. नोकराचा मुलगा नुसता नोकराचा मुलगा म्हणून वाचवण्याजोगा नव्हता का? त्याच्या अंगात मालकाचं रक्त सापडायलाच हवं होतं? आमच्या कारागिराच्या मुलात आमचं रक्त नव्हतं. मग त्याचं काय?

२००७ला चित्रपट आला. चित्रण काबूलमध्ये नाही, चीनमधल्या काशगरला झालं. भूमिका केलेल्या अफगाण मुलांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून प्रदर्शन लांबवलं, मुलांना संयुक्त अरब अमिरातीत हलवलं. पुढे अफगाणिस्तानात चित्रपटावर बंदी आली. कादंबरीत हसनवर होणारा अत्याचार, एका हजारा मुलावरचा अत्याचार, पडद्यावर नुसता दाखवण्यानेसुद्धा देश पेटेल अशी भीती होती, म्हणजे जखम किती ओली होती पाहा.

माझा भाडेकरू पदवी घेऊन २०१२ला परत गेला. जाताना त्याने ती आसारी मागून घेतली. काबूलच्या पश्चिमेला दश्त-ए-बर्ची ही हजारांची वस्ती आहे. तिथे तो मुलांना गणित शिकवू लागला आणि त्याची धाकटी बहीण शाळेत गेली, त्यांच्या घरात शाळेत गेलेली पहिली मुलगी. तिच्या वहीतल्या बीजगणिताचा फोटो त्याने मला पाठवला होता, शेजारी माझ्यासाठी मराठीत लिहिलेलं ‘काकी’. त्या फोटोने जो आनंद दिला तो मला माझ्या स्वतःच्या मुलाच्या निकालाने दिला नव्हता.

१५ ऑगस्ट २०२१. आपण झेंडावंदन करून जिलबी खात होतो तेव्हा काबूल पडलं. पुढच्या मार्चमध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि त्याच दिवशी बंद केल्या. ३० सप्टेंबर २०२२ला दश्त-ए-बर्चीतल्या काज शिकवणी केंद्रात विद्यापीठ प्रवेशाची सराव परीक्षा चालू असताना स्फोट झाला. पन्नासहून जास्त जीव गेले, बहुतेक हजारा मुली. डिसेंबरात मुलींना विद्यापीठंही बंद झाली. त्याची बहीण काजला नव्हती. ती घरी आहे. तेव्हापासून घरीच आहे. वहीचे फोटो येणं थांबलं.

आणि मग दिल्लीतली ती पत्रकार परिषद. परराष्ट्र व्यवहारात शेजाऱ्याशी बोलावं लागतं, हे मला कुणी शिकवू नये. मी ती बातमी आयुष्यभर लिहिली आहे. पण आपल्याच राजधानीत आपल्याच मुलींना दाराबाहेर ठेवलेलं आपण त्या दिवशी चालवून घेतलं. दश्त-ए-बर्चीतल्या त्या मुलीने तो फोटो पाहिला असेल का, हा प्रश्न मी तिच्या भावाला विचारलेला नाही.

पुस्तक संपवून पहाटे येवल्याला भावाला फोन लावला. तो आता सदुसष्टचा आहे, लवकर उठतो. त्याच्या त्या दोस्ताबद्दल विचारलं. भाऊ एकदम खुलला. काय पळायचा गं तो, म्हणाला, माझ्यासाठी छपरांवरून उड्या मारायचा, असा मित्र आता मिळायचा नाही. मी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, “दादा, त्याचा कप आठवतो का रे?”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता.

“कुठला कप?” तो म्हणाला.