शाळा बंद झाल्या, पण घरातली झळ कायम. कॅनडातील निवासी शाळांचा परिणाम नातवंडांपर्यंत कसा पोहोचला?

शाळेला कुलूप लागून पंचवीस-तीस वर्षं झाली. तरी जी मुलं त्या शाळेची पायरीही चढली नाहीत, त्यांना तिचा त्रास होऊ शकतो का? कॅनडातील आदिवासी समाजांचा अनुभव सांगतो, हो, होऊ शकतो.

काय होत्या या शाळा?
कॅनडा सरकारचा पैसा आणि चर्चचा कारभार, अशा या निवासी शाळा एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या. आदिवासी मुलांनी आपली भाषा आणि चालीरीती विसराव्यात, हाच हेतू होता. १९२० मध्ये कायद्याने सक्ती आली. सुमारे दीड लाख मुलं या शाळांत गेली. घरची बोली बोलली की मार बसायचा. हजारो मुलं परत आलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या.

घरावर परिणाम कसा?
लेकरू कसं वाढवायचं, हे कुणी पुस्तकातून शिकत नाही. आई-आजीकडे बघून ते येतं. या मुलांनी पाहिलं काय, तर घंटा, रांग आणि छडी. पुढे तीच आई-बाप झाली. ओजिब्वे समाजातील संशोधक एमी बॉम्बे आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांचे आई-वडील या शाळांत होते, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात. आई-वडील आणि आजी-आजोबा दोघेही गेले असतील, तर त्रास आणखी वाढतो.

दोष कुणाचा?
२०२१ च्या जनगणनेनुसार, कॅनडातील १५ वर्षांखालील मुलांत आदिवासी मुलं ७.७ टक्के. पण आई-वडिलांपासून काढून दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेल्या मुलांत त्यांचं प्रमाण ५३.८ टक्के! म्हणजे घरं अजूनही तुटतायत. 'पालकच बेफिकीर' म्हणणं सोपं आहे. मुळाशी काय झालं, ते संशोधनाने दाखवलं.

हे संशोधन करायचं कुणी, हाही प्रश्नच होता. बाहेरचे लोक येत, माहिती घेऊन जात. म्हणून १९९८ मध्ये तिथल्या 'फर्स्ट नेशन्स' समाजांनी ठरवलं, आमच्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा आमचाच.

आपल्या आश्रमशाळा वेगळ्या. इथे पालक स्वतः मुलांना पाठवतात, दिवाळी-उन्हाळ्यात मुलं घरी येतात. तरी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सुट्टीत आलेलं लेकरू आजीशी तिच्या बोलीत बोलतं का?