पाड्यावरच्या शाळेत इंटरनेट पोहोचते तेव्हा

मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तानसा, भातसा, मोडकसागर या जलाशयांतून येतो. हे जलाशय ज्या शहापूरच्या परिसरात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इंटरनेटचीही गत बरीचशी अशीच आहे. कसाऱ्याच्या लोहमार्गालगत प्रकाशतंतूंच्या केबली जमिनीखालून गेल्या आहेत. पण डोंगराच्या कुशीतील शाळेत शिक्षकाला साधा निरोप पाठवायचा तर टेकाडावर चढून मोबाइल उंच धरावा लागतो. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि ‘ऑनलाइन’ शिक्षण सुरू झाले, तेव्हा ही दरी सर्वांना दिसली. ती बुजवावी कशी, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

केंद्र सरकारने २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु शहापूर-मुरबाडमध्ये ग्रामपंचायत म्हणजे एक गाव नव्हे. तिच्यात अनेक पाडे असतात आणि मध्ये ओढे, दऱ्या, वनखात्याची जमीन असते. प्रत्येक पाड्यापर्यंत चर खणणे खर्चाचे आणि परवानग्यांचे काम आहे. शेवटचे हे दोन-तीन किलोमीटर बिनतारी मार्गाने ओलांडता येतात.

त्याची रीत अशी : ग्रामपंचायतीच्या इमारतीवर एक उंच खांब उभारून त्यावर तबकडी बसवायची आणि तिच्यासमोर शाळेच्या छपरावर दुसरी. वाय-फायच्या लहरींसाठी भारतात २००५ पासून ठरावीक मर्यादेत परवाना लागत नाही. मात्र दोन्ही तबकड्या एकमेकींना ‘दिसल्या’ पाहिजेत. मध्ये टेकडी आली की जोडणी तुटते आणि दाट पानांची झाडे आली की ती क्षीण होते. उन्हाळ्यात उत्तम चालणारी जोडणी पावसाळ्यात रुसते, त्याचे एक कारण हे आहे.

यावर मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी वेगळा मार्ग शोधला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या लहरी झाडापानांतून अधिक चांगल्या पार होतात. आपल्या देशात या पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असतात, असे त्यांना आढळले. प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली पालघर तालुक्यातील खामलोली परिसरात त्यांनी याचा प्रयोग केला. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. ‘ग्राममार्ग’ नावाने पुढे वाढलेल्या या उपक्रमाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. लहर डोंगर-झाडीतून नेता येते, हे आता सिद्ध झाले आहे.

मग अडते कोठे? आमच्या मते, लहर शाळेत पोहोचल्यानंतर.

मुरबाडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची छोटी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी शाळेतील मुलांना २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेतून हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. मुले हरखली, शिकलीही. पण भारतात ती योजना फारशी पसरली नाही. वस्तू बाहेरून आली की तिची वाटही बाहेरच्यांच्याच हाती राहते.

याउलट शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा पाहा. मागील दशकात तेथील शिक्षक संदीप गुंड यांनी प्रोजेक्टरच्या साहाय्याने कमी खर्चात स्पर्शाने चालणारा फळा तयार केला आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन शाळा ‘डिजिटल’ केली. आरंभ शिक्षकाच्या गरजेतून झाला, म्हणून यंत्र त्याच्या हातात शोभले. पुढे महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांनी ही शाळा पाहून आपापल्या गावी लोकवर्गणीतून तसे वर्ग उभे केले. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली, तेव्हा साधन होते पाटी-पेन्सिल. तरी त्या शाळेचे नाव देशाबाहेर गेले. साधन बदलते, पण पुढाकार माणसालाच घ्यावा लागतो.

म्हणून बिनतारी जोडणीबरोबर आणखी तीन गोष्टींची तरतूद आवश्यक वाटते.

पहिली, वीज. बिल थकल्यामुळे जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार आल्या आहेत. प्रोजेक्टर देणगीत मिळतो, त्यावर दात्याचे नावही येते. महिन्याचे बिल भरणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही. छपरावरील सौरपट्टी हा चांगला उपाय आहे, पण काही वर्षांनी बॅटरी बदलण्याची रक्कम आधीच बाजूला ठेवली पाहिजे.

दुसरी, साठवण. बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेले क्यूआर कोड नेटवर्क नसेल तर निव्वळ नक्षी ठरतात. शाळेत एक लहानसा सर्व्हर ठेवून जोडणी चांगली असेल तेव्हा धडे उतरवून घेतले, तर बाहेरची जोडणी तुटली तरी मुलांना ते वर्गात पाहता येतात.

तिसरी, भाषा. ठाकर आणि कातकरी मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी आहे. शिक्षकाने गावातल्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली चार वाक्ये शहरात तयार झालेल्या चित्रफितीपेक्षा पहिलीच्या मुलाला जवळची वाटतील.

आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात, तेव्हा मुलेही जातात. शाळेतला टॅब कपाटात राहतो. तो त्या मुलामागे भट्टीवर कसा जाईल, याचे उत्तर कोणत्याही मनोऱ्यावर सापडणार नाही.

आपल्या वाचकांत अभियंते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मुलांच्या वाढदिवशी एखाद्या शाळेला भेट द्यावी असे वाटणारी कुटुंबेही आहेत. या वर्षी नवा संगणक देण्यापूर्वी त्या शाळेतील गुरुजींना एवढेच विचारावे : ‘मागचा चालू आहे का?’ नसेल, तर तो दुरुस्त करून देणे आणि वर्षाचे वीजबिल उचलणे ही अधिक मोठी देणगी ठरेल.